चिलखती गाडीचा संकल्प

यजमानाच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी घालायचं, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरायचं आणि विचारायचं, "हं, कशासाठी?" उत्तर मिळेपर्यंत मनगट सोडायचं नाही. ॲरिझोनातल्या चँडलरला लागून असलेल्या आमच्या गावात ज्या ज्या मराठी माणसाने म्हणून नवी गाडी घेतली, त्याचं मनगट या बाईंनी एकदा तरी असं पकडलेलं आहे. माझंही पकडलेलं आहे.

आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. 'गुरुजी आल्या', 'गुरुजी रागावल्या', असंच बोलायची पद्धत पडली होती. भारतातून नवीन आलेला माणूस हे ऐकून जरा चपापायचा, मग दोन महिन्यांत तोही तसंच बोलायला लागायचा. पुण्यात बायकांना पौरोहित्य शिकवणारे वर्ग असतात हे तुम्हाला माहीत असेलच. गुरुजींच्या सासूबाईंना तिथे जायची हौस आली आणि एकटी कशी जाऊ म्हणून त्यांनी सुनेला बरोबर नेलं. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी वर्ग सोडला. सून शिकली, इंजिनिअरही झाली, आणि दोन्ही विद्या घेऊन ॲरिझोनात आली.

सोमवार ते शुक्रवार त्या आमच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात टेस्ट इंजिनिअर. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, फक्त डोळे उघडे. शनिवार-रविवार सुती साडी, खाली स्पोर्ट्स शूज, आणि मागून पूजेची पिशवी घेऊन बाईंचे यजमान, म्हणजे त्यांचे मिस्टर, आम्हा सगळ्यांचे काका. ते डिपेंडंट व्हिसावर होते, त्यांना नोकरी करायची परवानगी नव्हती. मनुष्य शांत, स्वयंपाक अप्रतिम. ग्रीन कार्डाचा अर्ज बाईंच्या नोकरीवर लागलेला होता आणि कित्येक वर्षं नुसता लागलेलाच होता. त्या घरात मोठ्याने दार आपटलं तरी काका म्हणायचे, हळू, आपलं अजून व्हायचंय.

आता संकल्पाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पूजेच्या आधी कोण, कुठे, कधी आणि कशासाठी हे सांगितल्याशिवाय हातातलं पाणी सोडायचं नसतं. भारतातले गुरुजी हे भराभरा उरकतात आणि आपण 'मम' म्हणून मोकळे होतो. या बाई उरकायच्या नाहीत. 'गोदावर्याः दक्षिणे तीरे'च्या जागी त्या 'लवणनद्याः दक्षिणे तीरे' म्हणायच्या. आमच्या उत्तरेला सॉल्ट नावाची नदी आहे. तिला वर्षातला बहुतेक काळ पाणी नसतं, पण नकाशात ती आहे, आणि देवाला पत्ता बरोबर कळला पाहिजे असं गुरुजींचं म्हणणं. स्थळकाळ त्या सांगायच्या. 'कशासाठी' मात्र यजमानाने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत सांगायचं. मग त्या तिथल्या तिथे त्याचं संस्कृत करायच्या.

एका पुणेकर गृहस्थांनी खोलीएवढी एसयूव्ही घेतली. कशासाठी, तर म्हणाले फॅमिलीसाठी. घरात माणसं दोन. मनगट सुटेना. मग म्हणाले, कॅम्पिंगला जायला. कधी गेला होतात? नव्हते गेले. त्यांची बायको तोंडावर पदर धरून हसायला लागली. शेवटी बिचारे कसंनुसं म्हणाले, "शेजाऱ्याने घेतली म्हणून." गुरुजींचा चेहरा खुलला. हे चालेल, म्हणाल्या, आणि शेजाऱ्याच्या बरोबरीने मान मिळावा यासाठी असा खणखणीत संस्कृत संकल्प सोडून त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली. खोटं कारण सोडून त्यांना कुठलंही कारण चालायचं.

घरांच्या किमती वर वर चालल्या होत्या तेव्हा आमच्यातल्याच एकाने राहत्या घराशिवाय आणखी दोन घरं घेऊन टाकली आणि तिन्ही वास्तुशांती एकाच रविवारी होतील का म्हणून विचारलं. गुरुजींनी विचारलं, त्या दोन घरांत राहणार कोण? कोणी नाही, वर्षभरात विकायची आहेत. "मग वास्तूची कशाला," त्या म्हणाल्या, "तुमचीच शांत करते." तो माणूस नंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता. याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

गंमत म्हणजे गावातल्या यच्चयावत गाड्यांची पूजा करणाऱ्या या बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत त्या पुन्हा पुन्हा नापास झाल्या, कारण परीक्षकाने लेन बदला म्हटलं की त्या विचारायच्या, का? म्हणून कामाला जाताना मी त्यांना रोज सकाळी घरून उचलायचे. त्यांचं भाड्याचं घर गावाच्या दक्षिणेला, जिथे जास्त करून मेक्सिकन कुटुंबं राहतात तिथे होतं.

शेजारी एक आजी राहायच्या. आजींना इंग्रजी जेमतेम, गुरुजींना स्पॅनिश शून्य. गुरुजी सरळ मराठीत बोलायच्या आणि आजी स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं अडायचं नाही. लोक येऊन गुरुजींच्या पाया पडतात हे पाहून आजी त्यांना 'माएस्त्रा' म्हणायला लागल्या. म्हणजे शिकवणाऱ्या बाई. आपण शाळेत म्हणायचो तसंच, नुसतं बाई.

आजींच्या कुंपणालगत झेंडूचा लांबच लांब वाफा होता. त्यांच्याकडे गेलेल्या माणसांचा सण नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतो. त्यांना घरची वाट सापडावी म्हणून झेंडूची फुलं अंथरतात. आजी वारलेल्या नवऱ्यासाठी झेंडू लावायच्या आणि त्यातली लवकर उमललेली फुलं आमच्या मराठी मंडळाला दसऱ्याला द्यायच्या. पहिल्या वर्षी गुरुजींनी त्यांनाही हातवारे करून विचारलं होतं, ही फुलं कशासाठी? आजींच्या मुलाने दोन्हीकडचं इंग्रजी करून उत्तर समजावलं, तेव्हा गुरुजींनी त्या वाफ्याला वाकून नमस्कार केला. मी तिथेच उभी होते. मला ऑफिसला उशीर होत होता आणि तरीही मी थांबले.

दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर या देशाला भीतीची सवय लागली. आमच्या वाट्याला ती दोन्ही बाजूंनी आली. हल्ला होईल ही भीती सगळ्यांसारखी होतीच, शिवाय आम्हालाच कोणी हल्ला करणारे समजेल ही वेगळी. आमच्यातल्या पुष्कळांनी गाड्यांना अमेरिकेचे झेंडे लावले. गावच्या पोलिसांना भीती वाटत होती की नाही ते माहीत नाही, पण त्यांच्याकडचं सामान मात्र वाढत गेलं. दोन हजार सहाच्या सुमारास लष्कराने नको म्हणून काढून टाकलेली एक चिलखती गाडी गावाला मिळाली. फुकट, फक्त आणायचा खर्च तेवढा गावाचा. फुकट या शब्दाचं वजन आपल्याला कोणी शिकवायला नको. हॉटेलातले छोटे साबण बॅगेत भरून आणणारी माणसं आपण. पण आपण फार तर साबण आणतो.

माणसाच्या छातीपर्यंत येणारी चार चाकं, खिडक्यांच्या जागी फटी, वर डोकं काढायला गोल झाकण. कुठल्याशा हवाई तळावर पहाऱ्याला होती म्हणे. पोलिसांनी तिला काळा रंग दिला आणि दारावर गावाचं चिन्ह काढलं, कापसाचं बोंड. चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ती पोरांना बसायला ठेवली होती. आमच्या गावात गुन्हा म्हणजे गॅरेजमधून सायकल जाणं. ती गाडी इथे काय करणार, असं आम्ही हसून एकमेकांना विचारलं आणि कणीस खात पुढे गेलो.

सप्टेंबरातल्या एका सकाळी, पोरं शाळेच्या बसची वाट पाहत असतात त्या वेळेला, गुरुजींच्या रस्त्याच्या तोंडाशी मला पोलिसाने थांबवलं. गाडी तिथेच लावून मी चालत पुढे गेले. आजींचं कुंपण आडवं झालं होतं आणि ते काळं धूड वाफ्यावरून जाऊन पायरीपाशी उभं होतं. आजींचा मुलगा घरं बांधायच्या कामावर असायचा. ट्रॅफिकच्या केसमध्ये त्याची कोर्टाची तारीख चुकली होती, आणि त्यात कोणीतरी फोन करून कळवलं होतं की त्याच्याकडे गन आहे. होती. लाकडात खिळे ठोकायची नेल गन. ती घेऊन तो केव्हाच कामावर गेला होता.

आजी फुटपाथच्या कडेला बसल्या होत्या, एका पायात चप्पल. गुरुजी ऑफिसच्या कपड्यांत, डबा मांडीवर ठेवून त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. पोलिसाने त्यांना आत जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. खिडकीतून काका खुणा करत होते, आत ये. तिकडेही त्यांनी पाहिलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघीही कामावर गेलो नाही. कळ्या धरलेला सगळा वाफा चाकांनी जमिनीत दाबला होता आणि नंतर चूक झाली असं म्हणायला कोणी आलं नाही.

दक्षिणेकडच्या लोकांनी आरडाओरडा केला. तेव्हा ही गाडी ठेवायची की परत करायची ते गावचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिलच्या ऑक्टोबरातल्या मीटिंगमध्ये ठरवू, असं जाहीर झालं. आणि इथे आमचं मंडळ मध्ये आलं.

आमचे अध्यक्ष माणूस वाईट नव्हते. त्यांच्या मुलाला एकदा पोलिसांनी रस्त्यात थांबवून बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभं केलं होतं, आणि तेव्हापासून पोलिसांत आपल्या ओळखी हव्यात हे त्यांनी मनावर घेतलं होतं. दसऱ्याला आपण शस्त्रांची आणि वाहनांची पूजा करतो. पोलिसांच्या या गाडीत दोन्ही एकदम आलं. त्यांनी पोलीसप्रमुखांना सांगितलं की आमच्यात ब्लेसिंग सेरेमनी असते, तुमची गाडी घेऊन या. प्रमुखांना तर हे हवंच होतं. हे असलं काही सुचावं तर आपल्याच माणसाला. गुरुजींना मात्र अध्यक्षांनी एवढंच सांगितलं की यंदा एक पाहुणी गाडी आहे.

आमचा दसरा येतो शनिवारी, तिथी कुठलीही असो. शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने उभ्या होत्या. ऑक्टोबर असला तरी डांबरातून वाफा निघत होत्या. आमच्याकडे रस्त्याकडेला ऑर्किड ट्री नावाची झाडं लावतात, त्यांची पानं हुबेहूब आपट्यासारखी. पोरं ती ओरबाडून सोनं म्हणून वाटत होती. फुलं मात्र नव्हती. इंडियन स्टोअरमधून आणलेला प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार त्या काळ्या गाडीला घातलेला होता. गुरुजी पिशवीतून ताम्हन काढता काढता थांबल्या. त्यांनी त्या गाडीकडे पाहिलं, मग हाराकडे, मग अध्यक्षांकडे.

प्रमुख उंचेपुरे, हसरे होते. त्यांनी छोटं भाषण केलं. तुमच्या समाजाचा पाठिंबा आमच्यासाठी मोलाचा आहे, म्हणाले, आणि मंगळवारी कौन्सिलपुढे मी आजचा फोटो अभिमानाने दाखवणार आहे. गावातल्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर पुढे आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी वाजवल्या नाहीत. मला वाटलं आता त्या पिशवी उचलून निघून जातील. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पिशवी हातात घेतलीच होती.

त्या गेल्या नाहीत. त्यांनी प्रमुखांना बूट काढायला लावले, उजवा हात पुढे करायला सांगितला, तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि मनगट धरलं. मग इंग्रजीत विचारलं, ही गाडी कशासाठी आणली?

गावाच्या रक्षणासाठी, प्रमुख म्हणाले.

कोणापासून?

प्रमुख हसले. सांगता येत नाही, म्हणाले, काहीही होऊ शकतं. "जस्ट इन केस."

"जस्ट इन केसला संस्कृतमध्ये शब्द नाही," गुरुजी इंग्रजीतच म्हणाल्या. "मला खरं कारण लागतं."

मंडळी हसली. त्यांना वाटलं गंमत चालली आहे. गुरुजी शांतपणे बोलत होत्या. तुम्ही ही गाडी एकदा बाहेर काढली आहे, त्या म्हणाल्या. माझ्या शेजारी. कोर्टाची तारीख चुकलेल्या एका माणसाला आणायला, आणि तो घरी नव्हता. तेच सांगा. म्हणा, की कुंपण पाडण्यासाठी आणि म्हातारीला रस्त्यावर बसवण्यासाठी आणली. मी त्याचं संस्कृत करते आणि पूजा सांगते. मी इथे शेजाऱ्याची बरोबरी करण्यासाठी घेतलेल्या गाडीचीही पूजा सांगितली आहे, मला कारणाची लाज वाटत नाही.

आता कोणी हसत नव्हतं. प्रमुखांच्या बोटांमधून पाणी त्यांच्या मोज्यांवर ठिबकत होतं. फोटोग्राफरने त्याच क्षणी फोटो काढला. अध्यक्ष पुढे झाले आणि मराठीत हळूच म्हणाले, "गुरुजी, होऊ द्या ना, फोटोपुरतं."

"फोटोपुरती पूजा मला येत नाही," गुरुजी म्हणाल्या आणि त्यांनी मनगट सोडलं.

मग त्यांनी ताम्हन उचललं आणि त्या ओळीतल्या पुढच्या गाडीपाशी आल्या. ती माझी होती, नुकतीच घेतलेली सेकंडहँड. माझ्या हातावर पाणी पडलं. त्यांनी माझं मनगट आधाराला धरावं तसं घट्ट धरलं, तेव्हा मला कळलं की या बाईलाही भीती वाटते. "हं, कशासाठी?" त्यांनी विचारलं. सगळं मंडळ माझ्याकडे बघत होतं. ऑफिसला जायला, मी म्हणाले. आणि मग माझं डोकं तापलं, ते बरंच झालं. "आणि मंगळवारी तुम्हाला कौन्सिलच्या मीटिंगला न्यायला."

त्यांनी तेवढंच्या तेवढं संस्कृतमध्ये म्हटलं. कौन्सिलला त्या नगरसभा म्हणाल्या.

सोमवारी साप्ताहिक आलं. पहिल्या पानावर गुरुजी आणि प्रमुख. बाईंनी मनगट धरलेलं, प्रमुखांची मान किंचित झुकलेली. खाली छापलं होतं, हिंदू पुरोहित पोलिसांच्या नव्या वाहनाला आशीर्वाद देताना. अध्यक्षांचा लगेच फोन आला की बघा, काही बिघडलं नाही, छानच आलंय. गुरुजींनी फोन ठेवून दिला.

काकांनी त्यांना परोपरीने सांगितलं. छापलंय ते छापलंय, लोक दोन दिवसांत विसरतील. तिथे बोलायचं तर नाव आणि पत्ता रेकॉर्डवर सांगावा लागतो. पोलिसांच्या विरुद्ध नाव लागलं आणि उद्या कोणी आपली फाइल उघडली तर? इतकी वर्षं वाट पाहिली ती कशाला? यातलं काहीच खोटं नव्हतं. गुरुजी म्हणाल्या, "अहो, मी काही बोलले नाही तर तो फोटो बोलणार. माझ्या तोंडाने खोटं बोलणार." काका स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी भात लावला.

मंगळवारी संध्याकाळी मी गुरुजींना आणि आजींना गाडीत घालून नेलं. काका येणार नव्हते. प्रमुखांनी खरोखरच तो फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला आणि सांगितलं की वेगवेगळ्या समाजांचा कसा पाठिंबा आहे. मग लोकांनी बोलायची पाळी आली. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर वेळ दाखवणारा दिवा. गुरुजी माइकपाशी गेल्या. त्यांनी नाव सांगितलं. पत्ता सांगितला, आणि शेजारचं घर म्हणजे ज्याचं कुंपण पडलं ते, असंही सांगितलं.

"फोटोतली बाई मी आहे," त्या म्हणाल्या. "मी आशीर्वाद देत नव्हते. मी प्रश्न विचारत होते, आणि यांनी अजून उत्तर दिलेलं नाही."

पुढे त्या फार बोलल्या नाहीत. गाडी ठेवा किंवा नका ठेवू, म्हणाल्या, ते तुम्ही मतांनी ठरवाल. पण ती जेव्हा जेव्हा दाराबाहेर पडेल, तेव्हा कशासाठी पडली हे कोणीतरी इथे उभं राहून, आमच्यासमोर, तोंडाने सांगितलं पाहिजे. पोलिसांना भीती वाटते म्हणून गाडी लागते. आम्हाला भीती वाटते म्हणून कारण लागतं. हिरवा दिवा लाल व्हायच्या आतच त्या येऊन बसल्या. मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत काका बसले होते, आणि सवयीने पूजेची पिशवी मांडीवर होती.

गाडी गेली नाही. उगाच खोटं सांगत नाही. फुकट आलेली वस्तू परत द्यायला कोणाचं मन होतं? पण कौन्सिलवर एक म्हातारे सदस्य होते, जन्मभर कापूस पिकवलेले. ते म्हणाले की माझ्या शेडमधून ट्रॅक्टर बाहेर निघाला तर तो कुठल्या शेतात गेला हे माझ्या बायकोलाही माहीत असायचं, हे काही फार मागणं नाही. त्यांनी अट मांडली आणि ती मंजूर झाली. दर महिन्याच्या मीटिंगला पोलिसांनी उभं राहून सांगायचं, गाडी कधी निघाली, कुठे गेली, कशासाठी गेली. आजींना यातलं निम्मंच कळलं असेल, पण त्या गुरुजींचा हात धरून बसल्या होत्या.

मंडळाने पुढच्या दसऱ्याला सीडी लावून पूजा केली. सीडी कोणाला काही विचारत नाही. उघडपणे कोणी गुरुजींना वाईट बोललं नाही, पण बोलावणी कमी झाली. काहींनी नव्या गाड्या टूसॉनहून आलेल्या एका भटजींकडून उरकून घेतल्या. चोरून मात्र लोक येत राहिले, कारण खरं कारण सांगितल्यावर माणसाला हलकं वाटतं हे एव्हाना पुष्कळांना कळलं होतं. गुरुजी आणि आजी दर महिन्याला कौन्सिलला जात राहिल्या. दुसऱ्या रांगेत त्या बसायच्या. घेऊन जायला मी. गाडी कमी निघायला लागली. इतकं सगळं उभं राहून सांगायचं म्हणजे अधिकाऱ्याला जड जात असावं.

आणि मग दोन हजार आठ आलं. कारखान्याने गुरुजी होत्या ती अख्खी लाइन बंद केली आणि त्यांची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला, ग्रीन कार्डाचा अर्ज गेला, सामान बांधायला थोडे दिवस. मंडळात कुजबुज झाली की बघा, पोलिसांच्या वाटेला गेल्या. हे मला ऐकवणाऱ्या बाईंना मी तिथेच सुनावलं. त्या लाइनवरची सगळी माणसं गेली होती. दसऱ्याला प्रमुखांच्या खांद्याला खांदा लावून हसत फोटो काढून घेतलेलेही त्यांच्याबरोबर गेले. झुकून राहिल्याने कोणाची नोकरी वाचली नाही. फक्त जाताना गुरुजींची मान झुकलेली नव्हती, एवढाच काय तो फरक.

विमानतळावर सोडायला मी आणि आजी गेलो होतो. काका बॅगांची वजनं करत होते. मला रडू आवरेना. गुरुजींनी माझं मनगट धरलं. "रडतेस कशासाठी, ते नीट सांग बघू." मी डोळे पुसत राहिले. "बरं, नंतर सांग," त्या म्हणाल्या आणि आजींच्या गळ्यात पडल्या. दोघी आपापल्या भाषेत काय बोलल्या ते मला ठाऊक नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मी कौन्सिलला जाणार नव्हते. जायचं तरी कोणाला घेऊन? संध्याकाळी आजींचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "कार?" मी गेले.

सभागृह जवळजवळ रिकामं होतं. आजी दुसऱ्या रांगेत, गुरुजी बसायच्या त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. अधिकाऱ्याने उभं राहून एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं. नेहमीच्या बाई नाहीत हे त्याने हेरलं असावं, कारण त्याने कागद तोंडाशी धरला आणि खालच्या आवाजात, भराभर वाचायला सुरुवात केली. गाडी निघाली होती. कुठे, कशासाठी, काही ऐकू येत नव्हतं. अध्यक्षस्थानी बसलेल्याने पुढचा विषय घ्यायला पान उलटलं.

आजी पुढच्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. त्या सभागृहात आजवर त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता.

"लाऊडर, प्लीज," त्या म्हणाल्या.

अधिकारी थांबला. कोणी त्यांना खाली बसा म्हटलं नाही, आणि त्याही बसल्या नाहीत. त्याने कागद खाली घेतला, घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागला.